काळी, पांढरी आणि घराचा पाया



मराठवाड्यांतील कोणत्याहि जुन्या गांवीं दोन शब्द कानीं पडल्यावांचून राहत नाहींत : ‘काळी’ आणि ‘पांढरी’. काळी म्हणजे शेताची जमीन. पांढरी म्हणजे गांवठाणाची, वस्तीची जमीन. पीक काळींत घ्यावयाचें आणि घर पांढरींत बांधावयाचें, अशी ही जुनी वाटणी आहे. जी माती आपल्याला पोसते, ती आपल्याला पेलीलच असें नाहीं, एवढें शहाणपण त्या दोन शब्दांत साठविलेलें आहे.

आज ती वाटणी मोडली आहे. लातूर १९८२ सालीं स्वतंत्र जिल्ह्याचें ठिकाण झालें आणि झपाट्यानें वाढलें. नांदेड तर गोदावरीच्या दोन्ही तीरांवर पसरलें. काल-परवांपर्यंत जेथें ज्वारी आणि कापूस डोलत होता, तेथें आज भूखंड पडले आहेत. आणि जन्मभर नोकरी करून जमविलेली पुंजी माणसें त्या भूखंडांवर दगड-विटांत घालीत आहेत. घर उभें राहून दोन पावसाळे जातात न जातात तोंच दार चौकटींत अडकूं लागतें, खिडकीच्या कोपऱ्यापासून निघालेली तिरपी भेग छताकडे चढते, फरशी मध्येंच उचलते. मालक गवंड्याला दोष देतो आणि गवंडी सिमेंटाला देतो. खरा अपराधी पुष्कळदां दोघांच्याहि पायांखालीं निवांत पडलेला असतो. त्या अपराध्याची ओळख करून घ्यावी आणि त्याच्याशीं कसें वागावें हें पाहावें, एवढाच ह्या भाषणाचा हेतु.

प्रथम ही जमीन झाली कशी तें पाहूं. सुमारे ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतून निघालेला तप्त रस थरावर थर पसरत जाऊन दख्खनचें पठार बनलें. तो थिजून झालेला काळा पाषाण, म्हणजेच बेसाल्ट, लातूर जिल्ह्याच्या आणि नांदेड जिल्ह्याच्या बऱ्याच मोठ्या भागाच्या बुडाशीं आहे. ऊन, पाऊस व हवा ह्यांनीं हा पाषाण वरून कुजत जातो. त्याचा मुरूम होतो आणि मुरमाची पुढें माती होते. म्हणून येथें खणूं लागल्यास सामान्यतः वर काळी माती, तिच्याखालीं चुनखडीचे खडे मिसळलेली पिवळसर माती, मग मऊ मुरूम, मग कठीण मुरूम आणि शेवटीं पाषाण असा क्रम लागतो. क्रम बहुधा तोच असतो. थरांची जाडी मात्र जागोजागीं बदलते. माळावर वीतभर मातीखालीं मुरूम लागतो, तर मांजरा, मन्याड किंवा गोदावरी ह्यांच्या खोऱ्यांत दोन-दोन परस खोल गेलें तरी काळी संपत नाहीं.

ह्या काळ्या मातीचा स्वभाव तिच्यांतील मॉन्टमोरिलोनाइट नांवाच्या खनिजामुळें बनलेला आहे. ह्या खनिजाचे कण डोळ्यांना दिसणार नाहींत इतके बारीक असतात, आणि प्रत्येक कण पापुद्र्यांचा बनलेला असतो. एखाद्या पोथीचीं सुटीं पानें एकावर एक ठेवावींत, तशी ही रचना. पाणी मिळालें कीं तें पानापानांत शिरतें आणि पोथी फुगते; पाणी आटलें कीं पानें मिटतात आणि पोथी आकसते. उन्हाळ्यांत काळ्या शेतांत हात सहज जाईल अशा भेगा पडतात व पहिल्या पावसांत त्या मिटतात, तें ह्याच कारणानें. शेतकऱ्याला ह्या भेगा उपकारक आहेत, कारण जमीन जणूं स्वतःच स्वतःची नांगरट करून घेते. घरमालकाला मात्र त्याच घातक ठरतात.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेण्यासारखी आहे. घराखालची सारी जमीन एकाच वेळीं सारखी उचलली गेली आणि सारखीच खालीं बसली, तर घर पाण्यावरील होडीप्रमाणें वरखालीं होईल. भिंतीला इजा पोंचण्याचें कारण उरणार नाहीं. परंतु तसें होत नाहीं. घराच्या मध्यभागीं ऊन-पाऊस पोंचत नसल्यामुळें तेथील ओलावा जवळजवळ कायम राहतो. कडेची माती मात्र पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत आकसते. न्हाणीघराकडील नळ गळत असेल तर तो कोपरा बारा महिने फुगलेला राहतो, आणि शेजारीं मोठें झाड असेल तर तें आपल्या मुळांनीं दुसऱ्या कोपऱ्याची ओल ओढून घेतें. एक कोपरा वर, दुसरा खालीं, अशा ओढाताणींत भिंत फुटते. तेव्हां पायाचें खरें दुखणें जमिनीच्या हालचालीपेक्षां त्या हालचालीच्या असमानतेंत आहे. पुढें जे उपाय सांगावयाचे आहेत ते सारे ह्या एका वाक्यांतून निघतात.

दुसरी गोष्ट सामान्य समजुतीच्या उलट आहे. घर लहान आणि हलकें असेल तर पाया कसाहि चालेल, असें आपल्याला वाटतें. काळींत नेमकें उलट घडतें. फुगणारी माती दर चौरस मीटरला कित्येक टनांचा दाब वरच्या दिशेनें देऊं शकते. जड इमारत तो दाब कांहीं अंशीं दाबून धरते; एकमजली घराच्या वजनांत पुष्कळदां तेवढें बळ नसतें. कुंपणाच्या भिंती सर्वांत आधीं वांकड्या होतात, त्याचेंहि कारण हेंच. गरिबाच्या लहान घराला पायाची काळजी अधिक लागते, कमी नव्हे.

आतां परीक्षेकडे वळूं. माती फुगणारी आहे कीं नाहीं, ह्याचा अंदाज घेण्याची एक सोपी रीत आहे. प्रयोगशाळेंत तिचेंच काटेकोर रूप वापरतात. माती उन्हांत वाळवून कुटावी आणि बारीक चाळणीनें चाळावी. खुणा केलेल्या दोन कांचेच्या उंच नळ्या घेऊन प्रत्येकींत दहा घनसेंटिमीटर माती घालावी. एकींत पाणी व दुसरींत घासलेट ओतून, ढवळून, चोवीस तास तशीच ठेवावी. मातीचे पापुद्रे घासलेट पीत नाहींत, म्हणून त्या नळींतली माती फुगत नाहीं, पाण्यांतली फुगते. दोन्ही नळ्यांतील मातीच्या उंचींतला फरक हेंच तिच्या फुगण्याचें माप. पाण्यांतील माती घासलेटांतील मातीपेक्षां दीडपट किंवा त्याहून अधिक भरली, तर मालकानें सावध व्हावें. शाळेंतील मुलांनाहि हा प्रयोग करून दाखवितां येईल. मात्र त्यानें केवळ इशारा मिळतो. पायाची खोली व रुंदी ठरविण्यासाठीं मातीची रीतसर तपासणीच करविली पाहिजे.

माती कळली तरी तिची जाडी कळली पाहिजे, आणि त्यासाठीं भूखंडांत खड्डे घ्यावयास हवेत. एका खड्ड्यावर विसंबूं नये. चारी कोपऱ्यांवर आणि मध्यें पाहावें. ह्या कामीं तीन फसवणुकी संभवतात. पहिली गोट्यांची. आपला काळा पाषाण कुजतांना पुष्कळदां कांद्याच्या पाकळ्यांप्रमाणें सुटतो आणि मऊ मुरमांत मधून मधून कठीण गोल गोटे राहून जातात. पहार खणकन् वाजली म्हणजे खडक लागला, असें समजून मजूर थांबतो. वस्तुतः तो एखादा सुटा धोंडा असतो आणि त्याच्या चहूंबाजूंस मऊ मुरूम असतो. धोंड्याच्या कडा कोरून पाहिल्यावांचून त्यावर पाया टेकूं नये. दुसरी फसवणूक तांबड्या थराची. रसाच्या दोन थरांमध्यें कोठें कोठें तांबड्या मातीचा मऊ पट्टा सांपडतो. वरचा पाषाण पातळ असेल तर त्याखालीं हा पट्टा दडलेला असूं शकतो. मोठ्या इमारतीसाठीं म्हणून वेधन-यंत्रानें भोंक पाडून खालपर्यंत नमुने काढतात. तिसरी फसवणूक माणसानेंच केलेली. बुजविलेली विहीर, भरून काढलेली खाण, केरकचरा टाकून सपाट केलेला ओढा, हीं भूखंडाच्या नकाशावर दिसत नाहींत. शेजारच्या जुन्या शेतकऱ्याला विचारलें तर तो जागा दाखवितो.

आतां पायाची निवड. काळीचा थर तीन-चार फुटांचा असेल तर प्रश्न सोपा आहे. ती सर्व कापून पाया मुरमावर नेऊन टेकवावा. येथें एक चूक नेहमीं होते. पाया मुरमावर जातो, परंतु खोल्यांच्या फरशीखालील काळी तशीच ठेवितात. मग भिंती धड आणि फरशी उचललेली, असा प्रकार होतो. जोत्याच्या आंतील काळीहि काढावी आणि तिच्या जागीं न फुगणारा मुरूम थराथरानें, पाणी मारून व धुमसून भरावा.

थर त्याहून जाड असेल, परंतु दहा फुटांच्या आंत मुरूम लागत असेल, तर सलग दगडी पाया तितका खोल नेणें महाग पडतें. तेव्हां लोखंडी सळयांच्या काँक्रीटचे खांब मुरमापर्यंत न्यावे व जमिनीजवळ ते तुळयांनीं एकमेकांस जोडून त्यांवर भिंती उभाराव्या. हेंहि जमण्यासारखें नसेल, तर पायाखालील माती कांहीं खोलीपर्यंत बदलण्याचा उपाय आहे. मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्राध्यापक आर. के. कट्टी ह्यांनीं काळ्या मातीचा दीर्घ अभ्यास केला. चिकट परंतु न फुगणाऱ्या मातीचा सुमारे एक मीटर जाडीचा थर दाबून बसविला असतां खालच्या काळीचें फुगणें पुष्कळ आटोक्यांत राहतें, असें त्यांनीं दाखवून दिलें; कालव्यांच्या अस्तराखालीं ही युक्ति उपयोगांत आणलेली आहे. पायाखालीं नुसती वाळू पसरण्याची चाल आहे, तिच्यापासून जपावें. वाळूंतून पाणी सहज झिरपतें आणि खालच्या काळीला आयतें पोंचतें.

काळी फारच खोल असेल तर निराळीच रीत घ्यावी लागते. काळीचें फुगणें व आकसणें वरच्या भागांतच होतें. सुमारे साडेतीन मीटरच्या खालीं ओलावा ऋतुमानाप्रमाणें फारसा बदलत नाहीं. ह्या गोष्टीचा फायदा घेऊन अंडर-रीम्ड पाइल नांवाचे खांब वापरतात. रुडकी येथें १९४७ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनें ह्या पद्धतीचा आपल्या देशांत विकास केला. जमिनींत गोल भोंक पाडून त्याच्या तळाशीं, खास हत्यारानें, खांबाच्या जाडीच्या सुमारे अडीचपट रुंद असा फुगवटा कोरतात आणि सळया सोडून काँक्रीट भरतात. हळकुंडाच्या गड्ड्यासारखा हा फुगवटा स्थिर मातींत रुतून बसतो. घराचें ओझें तो पेलतोच, आणि वरची माती फुगून खांबाला वर ओढूं लागली तर त्याला खालीं धरूनहि ठेवितो. खांबांच्या माथ्यावर तुळई असते, आणि ह्या तुळईच्या बुडाशीं व जमिनीमध्यें निदान ८० मिलिमीटर, म्हणजे सुमारे तीन इंच, पोकळी सोडावी असें भारतीय मानकांत सांगितलें आहे. माती फुगली तर तिला वाव मिळावा, म्हणून ही पोकळी. काम चांगलें दिसावें ह्या हेतूनें कोणी ती पोकळी भरून टाकली, तर खांबांवर केलेला सारा खर्च व्यर्थ जाऊं शकतो.

सर्वांत फसवा भूखंड कोणता म्हणाल, तर अर्धा खडकावर आणि अर्धा काळीवर असलेला. माळाच्या उतारावर असे भूखंड पुष्कळ असतात. मालकाला वाटतें, अर्धें काम फुकट झालें. परंतु खडकावरील अर्धें घर हलत नाहीं आणि काळीवरील अर्धें हलतें, तेव्हां दोहोंच्या सांध्यावर भिंत फुटल्यावांचून राहत नाहीं. अशा ठिकाणीं सर्व पाया एकाच जातीच्या थरावर न्यावा. उतार असेल तर खडक पायऱ्यांप्रमाणें सपाट कापून घ्यावा. तें अशक्यच असेल, तर घराचे दोन भाग मधून मुद्दाम सांधा सोडून वेगवेगळे उभारावे. खडकाची कठीणता कांहीं कोपऱ्यांपुरती मिळण्यापेक्षां सर्व कोपऱ्यांना एकसारखा आधार मिळणें अधिक मोलाचें आहे.

नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेस, देगलूर-बिलोलीकडे, काळा पाषाण संपून फार प्राचीन ग्रॅनाइट जातीचा खडक वर येतो. त्याचा मुरूम रेताड असतो. तो फुगत नाहीं व ओझें चांगलें पेलतो. परंतु तेथेंहि मोठमोठे गोल धोंडे मुरमांत लपलेले असतात, आणि सखल भागांत काळीहि आहेच. गोदावरीच्या कांठीं आणखी निराळी स्थिति. तेथें नदीनें आणलेला गाळ असतो; त्याचा थर एका ठिकाणीं भरड तर जवळच बारीक असूं शकतो, आणि पुराच्या वेळीं पाणी वर चढतें. अशा ठिकाणीं कधीं सर्व घराखालीं सलग काँक्रीटचा तक्ता घालून ओझें पसरून द्यावें लागतें, तर कधीं खोल खांब घ्यावे लागतात. तपासणीवांचून ह्यांपैकीं एकहि ठरवितां येत नाहीं.

लातूरकरांपुढें पायाचा विचार करतांना एक तारीख आपोआप उभी राहते : ३० सप्टेंबर १९९३. त्या पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारीच्या परिसरांत ६·२ प्रतीचा भूकंप झाला आणि लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद, आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसें प्राणांस मुकलीं. त्या वेळच्या नकाशाप्रमाणें हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत गणला जात होता. २००२ सालीं मानकाची सुधारणा झाली, तेव्हां लातूर तिसऱ्या पट्ट्यांत घालण्यांत आलें. बहुतेक बळी घेतले ते मातींत रचलेल्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंतींनीं आणि माळवदावरील मातीच्या ओझ्यानें. त्या भिंतींचा आंतला आणि बाहेरचा थर एकमेकांस नीट बांधलेला नव्हता. तेव्हां सारा दोष पायावर टाकणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु एक धडा दोहोंना लागू आहे. जोत्यावर, दार-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छताखालीं सळयांच्या काँक्रीटचा सलग पट्टा फिरविला, तर चारी भिंती पेटीप्रमाणें एकत्र बांधल्या जातात. भूकंपांत तो पट्टा भिंतींना विलग होऊं देत नाहीं. काळीच्या असमान हालचालींतहि तो भेगांना बराच आवर घालतो. २०२४ सालीं मार्चमध्यें व जुलैमध्यें हिंगोलीकडे झालेले धक्के नांदेडकरांनाहि जाणवले. तेव्हां हा खर्च अनाठायीं आहे असें कोणी म्हणूं नये.

पाया घालून झाला म्हणजे काम संपलें असें नाहीं. काळीवरच्या घराचें आयुष्य पुढें पाण्याच्या व्यवस्थेवर अवलंबून असतें. घराभोंवतीं चारी बाजूंनीं चार-पांच फूट रुंदीची, बाहेरच्या बाजूस उतार असलेली पक्की फरसबंदी करावी, म्हणजे पागोळ्यांचें पाणी पायाशीं मुरत नाहीं. गच्चीचें पाणी नळानें दूर न्यावें. मोरी, नळ व शौचकूप ह्यांचे सांधे वरचेवर पाहावे. गळका नळ हा काळीवरच्या घराचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत नेमका शत्रु आहे. वड, पिंपळ, निलगिरी असे मोठे वृक्ष निदान त्यांच्या उंचीइतके लांब असावेत. फार पाणी जसें घातक, तसेंच फार कोरडेपणहि. २०१६ सालच्या एप्रिलांत लातूरला मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें होतें; अशा दुष्काळांत जमीन खोलवर आकसते, आणि पुढच्या चांगल्या पावसांत तितक्याच जोरानें फुगते. पायाचे खड्डे कोरड्या ऋतूंत खणावे, आणि खणले कीं उघडे न टाकतां लवकर भरून घ्यावे. कारण पावसांत भिजलेल्या खड्ड्याच्या तळावर पाया घातला, तर उन्हाळ्यांत तो तळ आकसून खालीं जाणारच.

‘घर पाहावें बांधून’ ही म्हण आपण हौसेनें आणि कांहींशा धास्तीनें उच्चारतों. त्या धास्तींतील मोठा वांटा अज्ञानाचा असतो. घराच्या एकंदर खर्चाच्या मानानें मातीच्या तपासणीला फार थोडे पैसे लागतात. मात्र घर उभें राहिल्यावर पाया दुरुस्त करावयाचा झाला तर तो पहिल्या खर्चाच्या कितीतरी पट पडतो, आणि भेग बुजविली तरी पुढच्या पावसाळ्यांत ती पुन्हां उघडते. म्हणून रंग, फरशी आणि फाटकाची जाळी निवडण्यापूर्वीं आपल्या इंजिनियरला तीन प्रश्न अवश्य विचारावे. माझ्या भूखंडांत काळी किती खोल आहे आणि ती किती फुगते? घराचे चारी कोपरे एकाच थरावर टेकणार आहेत काय? आणि पायाजवळचें पाणी बारा महिने सारखें राहावें म्हणून काय योजिलें आहे? ह्या तीन प्रश्नांचीं स्पष्ट उत्तरें मिळेपर्यंत कुदळ मारूं नये.

आपल्या पूर्वजांनीं काळी सोडून पांढरीवर घरें बांधलीं. आपल्याला तेवढी मोकळीक उरलेली नाहीं. काळीवरच राहावयाचें आहे. तेव्हां तिचा स्वभाव समजून घेऊन, तिला फुगावयास वाव देऊन आणि आपलें ओझें तिच्या खालच्या स्थिर थरावर सोंपवून राहिलें, तर तीहि आपल्याला सुखानें राहूं देईल.